तूर निघू द्या, मग लॅपटॉप

पत्र : माझी बहीण यंदा बी.आर्च.च्या पहिल्या वर्षाला छत्रपती संभाजीनगरात आहे, होस्टेलवर राहते. मी वाळूज एमआयडीसीत कामाला आहे, आई-आबा जिंतूर तालुक्यात गावी असतात. बहिणीची फी माफ झाली, म्हणून आबांचा आग्रह आहे की पोरीला लॅपटॉप तरी चांगला घ्यायचा. दुकानदारानं एक लाख चाळीस हजारांचा, आय-९ प्रोसेसरचा दाखवला. म्हणाला, आर्किटेक्चरला याच्या खाली काही चालतच नाही, आणि भाव रोज चढतायत, आजच घेऊन टाका. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो मॅकबुक घ्या. वर्गातल्या पोरी म्हणतात गेमिंगचा घे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं, तूर उभी आहे. आबा म्हणतात, तोवर कुणाकडून व्याजानं उचलू. ऐंशी हजारांपर्यंत आमची तयारी आहे. लाखाच्या आत खरंच काही मिळत नाही का? आणि घ्यायचा तर कोणता?
— एक भाऊ, जिंतूर तालुका

लाखाच्या आत मिळतो. तुमच्या ऐंशी हजारांत चांगला मिळतो. फक्त आज घेऊ नका, आणि व्याजाच्या पैशानं तर अजिबात नको.

आधी हिशेब करू. शेकडा तीन रुपये महिना हा गावातला दर तुम्हाला नवा नाही. ऐंशी हजारांवर महिन्याला चोवीसशे झाले. तूर काढून, वाळवून, विकून पैसे हातात यायला तीन महिने धरले तर सात हजार दोनशे रुपये नुसतं व्याज. भाव चढतील म्हणून घाई करायची आणि ती वाढ सावकाराला द्यायची, यात वाचलं काय? तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. बाजारात तो मिळतोच असं नाही, पण हिशेबाला तोच धरू. तुमचे ऐंशी हजार म्हणजे दहा क्विंटल तूर. दुकानदाराचा आय-९ म्हणजे साडेसतरा क्विंटल. वरच्या साडेसात क्विंटलच्या बदल्यात तुमच्या बहिणीला काय जास्त मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

दुकानदार भावाबद्दल मात्र खोटं बोलला नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जगभर चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवलाय. लॅपटॉपच्या किमतीत ते उतरणारच. त्यामुळं 'आत्ता आठ जीबीचा घ्या, पुढं वाढवू' हा इतकी वर्षं चालत आलेला सल्ला सध्या तोट्याचा झालाय. घ्याल तेव्हा सोळा जीबी रॅम आतच असलेला घ्या.

आता घाई का नको ते सांगते. बी.आर्च. पाच वर्षांचं, दहा सेमिस्टरचं शिक्षण. त्यात कॉम्प्युटरवरचा भार सुरुवातीला जवळजवळ शून्य असतो आणि शेवटी सगळ्यात जास्त. पहिल्या वर्षी काम हातानं चालतं. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर नाहीतर मिनी ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, टू-एच फोर-एच पेन्सिली, बटर पेपर, माउंट बोर्ड आणि कटरनं कापलेली बोटं. शाई सांडली तर सगळी शीट पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला नकाशे काढायचं ऑटोकॅड आणि थ्री-डी मॉडेल करायचं स्केचअप रोजचं होतं. पुढं सगळी इमारतच मॉडेलमध्ये उभी करायचं रेव्हिट येतं, मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं, म्हणजे रेंडरिंग, येतं. मग एक सेमिस्टर ऑफिसात ट्रेनिंग. आणि शेवटी थीसिस. त्यात एखादं हॉस्पिटल, एखादा बसस्टँड, पन्नास हजार चौरस मीटरचा कॅम्पस एकाच फाइलमध्ये उभा करायचा असतो.

लॅपटॉपचं आयुष्य नेमकं उलट्या दिशेनं चालतं. पहिल्या दिवशी तो सगळ्यात ताकदवान असतो. पाचव्या वर्षी बॅटरी तासभर टिकत नाही, वॉरंटी कधीच संपलेली असते, पंखा घरघर करतो. आज घेतलेली मशीन पहिलं वर्षभर पिक्चर बघायला वापरली जाईल आणि थीसिसच्या वेळी धापा टाकेल. एक-दोन सेमिस्टर उशिरा घेतली, तर तीच मशीन थीसिसला तेवढी तरुण राहील.

म्हणून बहिणीला फोन करून एवढंच विचारा की अभ्यासक्रमात कॉम्प्युटरचा विषय कोणत्या सेमिस्टरला आहे. दुसऱ्याच सेमिस्टरला असेल, तर तूर विकली की घ्या. तिसऱ्याला असेल तर जूनमध्ये बघा. काही कॉलेजं पहिल्याच वर्षी ऑटोकॅड शिकवतात, पण तेवढ्यासाठी कॉलेजची लॅब पुरते. स्केचअपची एक मोफत आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते, तिच्यावर हात बसवता येतो.

तोवर रिकामं बसायचं नाही. संक्रांतीला गावी आली की तिच्या हातात टेप द्या आणि गल्लीतला एखादा जुना वाडा मोजायला लावा. ढेलज, ओसरी, बळद, माळवदाची जाडी, भिंतीची जाडी, कुठं तुळया टेकल्यात, सगळं. दुसरं टोक धरायला तुम्ही उभे राहा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींवरची अशीच जड मातीची माळवदं माणसांच्या अंगावर आली. ती का आली, हे अशा घराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, स्वतः काढल्यावर जितकं कळतं तितकं पुस्तकात वाचून कळत नाही. पुढं लॅपटॉप आला की तोच मोजलेला वाडा ऑटोकॅडमध्ये उतरवायचा. क्लासला पैसे भरण्याआधी हे करून बघू दे.

आता मशीन. सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते कळलं की दुकानात कुणी फसवू शकत नाही.

ऑटोकॅडमध्ये प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन काढायला फार ताकद लागत नाही. पाच वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉपही ते काम करतो. रेव्हिट आणि स्केचअपचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच कामकरी भागावर, चालतं. प्रोसेसरला चोवीस कोअर असले तरी भिंत सरकवताना बहुतेक सगळे हातावर हात ठेवून बसलेले असतात. तिथं एका कोअरचा वेग महत्त्वाचा. या बाबतीत एकाच पिढीचा आय-५ आणि आय-९ यांच्यात जो फरक आहे, तो साडेसात क्विंटल तुरीचा नक्कीच नाही.

प्रोसेसरच्या नावात आय-५, आय-७ यापेक्षा शेवटचं अक्षर बघा. 'यू' असेल तर तो बॅटरी वाचवायला, पातळ मशीनसाठी केलेला. 'एच' किंवा 'एचएस' असेल तर तो जास्त वीज घेऊन जास्त वेळ दम धरतो. 'यू'वाल्या आय-७ पेक्षा 'एच'वाला आय-५ तिला जास्त उपयोगी. एएमडीचा रायझन ५ किंवा ७ असला तरी हाच नियम, आणि त्यात कमीपणा काही नाही. अजूनही आपल्याकडं दुकानात 'इंटेलच घ्या' म्हणणारे भेटतात, त्यांना हसून पुढं जा.

ग्राफिक कार्डाची खरी गरज लागते रेंडरिंगला. लुमियन, एनस्केप, डी-५, ट्विनमोशन ही सगळी सॉफ्टवेअरं ग्राफिक कार्डावर चालतात, आणि तिथं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर सगळं अडतं. झाडं, माणसं, पाणी, काच घातलेला सीन त्या मेमरीत मावला नाही की सॉफ्टवेअर रांगायला लागतं नाहीतर सरळ बंद पडतं. म्हणून चार जीबीचं कार्ड नको, सहा जीबी तरी हवं. इथं एक खाचखळगा आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे कार्ड लॅपटॉपात चार जीबीचंही येतं आणि सहा जीबीचंही. स्टिकर दोन्हींवर सारखाच. २०५० असेल तर ते चार जीबीचंच. ४०५० सहा जीबीचं असतं, ४०६० आणि ५०५० आठ जीबीची. तुमच्या पैशांत ३०५० ची सहा जीबीची आवृत्ती किंवा ४०५० अशी मशीनं बघायची. एखाद्या सेलमध्ये ५०५० बसलं तर आनंदानं घ्या, पण त्यासाठी बजेट ओढू नका.

अजून एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाही. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या वॅटवर चालवलेलं असतं. ४०५० कुठं पस्तीस वॅटवर असतं, कुठं शंभराच्या वर. नाव तेच आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत ग्राफिक्सची कमाल पॉवर दिलेली असते, ती बघून जा. कंपनीनं ती लिहिलीच नसेल, तर मी ती मशीन सोडून देईन.

आय-९ मी इथं नको म्हणते त्याचं मोठं कारण आपली हवा आहे. दुसऱ्या सेमिस्टरची सबमिशन आणि जूरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं असतं ते, येतात एप्रिल-मेमध्ये. तेव्हा परभणीत काय, संभाजीनगरात काय, पारा चाळिशीच्या वर असतो, आणि होस्टेलची खोली वरच्या मजल्यावर असली तर रात्री दोनलाही स्लॅब उकळत असतो. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडं तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग खाली आणतो. पातळ, देखण्या बॉडीत आय-९ बसवणं म्हणजे दहा एचपीची मोटर लावून पाइप एक इंची टाकण्यासारखं आहे. पैसे मोटरचे जातात, पाणी पाइपाएवढंच येतं. त्यापेक्षा जाड बॉडीचा, मागं-बाजूला मोठ्या जाळ्या असलेला, दोन पंख्यांचा आय-५ मे महिन्यात जास्त रेंडर काढून देईल. दिसायला बोजड असू दे.

वर्गातल्या पोरी गेमिंगचा घे म्हणतात ते याच अर्थानं बरोबर आहे. गेमिंग लॅपटॉप म्हणजे थंड ठेवण्याची सोय बरी असलेला, चांगल्या कार्डाचा लॅपटॉप. रंगीबेरंगी दिवे बंद करता येतात. पण तो सव्वादोन-अडीच किलोचा असतो, वर विटेएवढा चार्जर. खांद्यावर शीटची नळी, एका हातात मॉडेल आणि पाठीवर हे सगळं घेऊन बहीण सिटीबसनं जाणार असेल, तर दुकानात तिला तो चार्जरसकट बॅगेत घालून दहा मिनिटं उभं राहू द्या. हा निर्णय तिच्या पाठीचा आहे, तुमचा-आबांचा नाही.

अशा मशीनची बॅटरी रेंडरिंगला तासाभराच्या आसपासच धरा, आणि बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीनं चालतही नाही. गावी लाइट गेली की ऑटोकॅड चालेल, लुमियन नाही. व्होल्टेज कमी-जास्त झाल्याची फार काळजी नको, कारण चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. भीती असते ती लाइट परत येताना बसणाऱ्या झटक्याची. लाइट गेली की प्लग काढायची सवय लावा. थ्री-पिन प्लगची जाड पिन कापून टू-पिनमध्ये खुपसायची नाही. अर्थिंग नसलेल्या घरात धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या त्यामुळंच. गादीवर ठेवून काम करायचं नाही, हवा खालून आत जाते. आणि वर्षातून एकदा आतली धूळ साफ करून घ्यायची.

रॅम सोळा, एवढं सांगून झालंय. पण एक स्लॉट रिकामा किंवा बदलता येण्यासारखा आहे ना, हे बघा. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, ती कधीच वाढत नाही. चौथ्या वर्षी भाव उतरले असतील तर बत्तीस करता येईल. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची आतली डिस्क, ५१२ जीबी चालेल. रेव्हिट एकटं तीस जीबी मोकळी जागा मागतं, बाकीची सॉफ्टवेअरं वेगळी, म्हणून दुसरी एसएसडी बसवायला जागा असली तर उत्तम. स्क्रीन निवडताना रंगाकडं लक्ष द्या. माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं तर तो स्वस्तातला फिकट पॅनल. त्याच्यावर बघून केलेला हिरवा रंग ए-वन शीटवर प्लॉट झाला की शेवाळ्यासारखा येतो, आणि जूरीत उत्तर तिला द्यावं लागतं. 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला बघा. टचस्क्रीनला पैसे देऊ नका.

मामेभावाचं मॅकबुक. मशीन सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण रेव्हिट मॅकसाठी निघतच नाही, लुमियन नाही, थ्री-डी-एस मॅक्स नाही. ऑटोकॅड, स्केचअप, राइनो, आर्किकॅड चालतात. ट्रेनिंगला ज्या ऑफिसात जाईल तिथं विंडोज असण्याचीच शक्यता जास्त. मामेभावाला सांगा, तू घे. तसाच सावधपणा स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपांबद्दल ठेवा. हलके असतात, बॅटरी दिवसभर पुरते, किंमतही तुमच्या टप्प्यात असते. पण त्यांचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, एआरएमचा. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी रेव्हिटसाठी तो अधिकृतपणे धरत नाही. डेस्कटॉप त्याच पैशांत जास्त ताकदीचा येतो हे खरं, पण होस्टेलच्या खोलीत आणि क्रिटला, म्हणजे सरांना काम दाखवायला, तो कुठं नेणार?

तूर कमी भरली, भाव पडला आणि पन्नास हजारांच्या वर जाता आलं नाही, तर नवा कमी ताकदीचा घेण्यापेक्षा कंपन्यांनी लीजवरून काढलेले वर्कस्टेशन लॅपटॉप बघा. डेलचा प्रिसिजन, एचपीचा झेडबुक, लेनोव्होचा थिंकपॅड पी हे दणकट असतात. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट चालतं, रेंडरिंगला धीर धरावा लागतो. बॅटरी दमलेली असणार हे धरूनच भाव करा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचाच हवा, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलाय. आणि हा व्यवहार लेखी वॉरंटी देणाऱ्या दुकानातच करा.

व्याजानं उचलण्यापेक्षा बँकेत चौकशी करा. शैक्षणिक कर्जात फीबरोबर अभ्यासक्रमाला लागणारा कॉम्प्युटरही धरता येतो. कॉलेजचं पत्र आणि कोटेशन घेऊन जा. फी माफ आहे म्हणून कर्ज मिळत नाही, असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. 'बिनव्याजी' हप्त्यांमध्ये प्रोसेसिंग फी किती आणि रोखीनं घेतला तर किंमत किती कमी होते, हे दोन्ही आकडे कागदावर मागा. बिनव्याजी किती आहे ते तिथंच दिसतं.

सॉफ्टवेअरचं. दुकानदार म्हणेल, ऑटोकॅड, रेव्हिट, फोटोशॉप, सगळं टाकून देतो, पाचशे रुपये. नको म्हणा. ते क्रॅक केलेलं असतं, त्याच्याबरोबर काय काय आत येतं ते कळत नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते उघडलं नाही तर तक्रार कुणाकडं करणार? ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट दोन्ही मोफत देतं. कॉलेजचा मेल आयडी किंवा प्रवेशाचा कागद दाखवून वर्षभराचा परवाना मिळतो, दरवर्षी नवा करता येतो. आर्किकॅडही विद्यार्थ्यांना मोफत आहे. ब्लेंडर तर सगळ्यांनाच. राइनो नव्वद दिवस पूर्ण वापरून बघता येतं. ऑटोडेस्क आणि आर्किकॅडची ही मोफत आवृत्ती शिकण्यासाठी असते. तिच्यावर गावातल्या कुणाच्या बंगल्याचा नकाशा काढून पैसे घ्यायचे नाहीत, हेही तिला सांगा. नातेवाईक विचारणारच आहेत.

आणि एक गोष्ट, जी ऐंशी हजारांपेक्षा मोठी आहे पण फुकट आहे. ज्या मुलांचे लॅपटॉप अडकतात त्यांतल्या बऱ्याच जणांची मशीन बरी असते आणि फाइल घाण असते. स्केचअपमध्ये थ्री-डी वेअरहाऊसमधून पानन् पान कोरलेलं झाड उतरवायचं आणि त्याच्या दोनशे प्रती बागेत लावायच्या. सोफ्याची शिवण दिसेल इतका बारीक सोफा, तोही रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीत. मग आठ जीबीचं कार्डही गुडघे टेकतं. तिला सुरुवातीपासून सवय लागली पाहिजे : वापरलं नाही ते पर्ज करायचं, म्हणजे फाइलमधून काढून टाकायचं, झाडांसाठी हलके प्रॉक्सी, म्हणजे बदली आकार, वापरायचे, फर्निचर वेगळ्या लेयरवर ठेवून काम करताना बंद करायचं, लांबून दिसणाऱ्या गोष्टीला साधा आकार द्यायचा. हे जमलं तर साठ हजारांच्या मशीनवर जे निघतं ते शेजारणीच्या दीड लाखाच्या मशीनवर अडकलेलं असतं. माझ्या ऑफिसात ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांची फाइल मी आधी याच नजरेनं उघडते. लॅपटॉप कोणता, ते मी विचारत नाही.

घ्यायला जाण्याआधी तिनं चौथ्या-पाचव्या वर्षाच्या स्टुडिओत एक चक्कर मारावी. दोन-तीन वर्षं वापरलेले लॅपटॉप तिथं रांगेनं दिसतील. कुणाचं बिजागर सुटलंय, कुणाचा पंखा ओरडतो, कुणाला सर्व्हिस सेंटरनं किती दिवस ताटकळत ठेवलं, हे सगळं सीनियर मनापासून सांगतात. तिथं एक संध्याकाळ घालवली की कोणती कंपनी हे मला विचारायची गरज राहणार नाही. मी मुद्दाम नाव देत नाही, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल चांगलं निघतं आणि दुसरं रडवतं.

दुकानात पैसे देण्याआधी मशीन चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, आणि ग्राफिक कार्डाखाली त्याची स्वतःची मेमरी सहा जीबी आहे की चार, तेही. तिथं 'शेअर्ड' म्हणून वेगळा मोठा आकडा दिसेल. तो रॅममधून उसना घेतलेला असतो, त्यावर जाऊ नका, 'डेडिकेटेड' बघा. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते तपासा. चार महिन्यांपूर्वीच सुरू झाली असेल तर ती शोकेसमधली मशीन आहे, नवीच्या भावानं घ्यायची नाही. घरी येऊन दुरुस्त करणारी ऑनसाइट वॉरंटी होस्टेलच्या पिनकोडला लागू आहे का ते विचारा, आणि जिंतूरच्या पिनकोडलाही, कारण सुट्टीत मशीन तिथं असणार. तीन वर्षांची वॉरंटी आणि पडल्या-सांडल्याचं संरक्षण मिळत असेल तर आय-५ वरून आय-७ वर जाण्याऐवजी ते पैसे इकडं घाला. जीएसटीचं बिल बहिणीच्या नावानं करा.

ऐंशी हजार सगळे मशीनवर संपवू नका. बहात्तर-पंचाहत्तरमध्ये मशीन बसवा. उरलेल्यात एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर रविवारी तिच्यावर सगळं उतरवायचं. जूरीच्या आधी लॅपटॉप चोरीला जातो, त्यावर चहा सांडतो, काहीही होतं.

एक वस्तू मात्र तुरीची वाट न बघता याच आठवड्यात तिला घेऊन द्या : चाक असलेला, तारेचा, मुठीत नीट बसणारा माऊस. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून शीट सरकवायची असते, स्केचअपमध्ये चाक दाबून मॉडेल फिरवायचं असतं. टचपॅडवर ही कामं करणाऱ्याचं मनगट महिन्याभरात दुखायला लागतं. पाचशेच्या आत मिळतो. कॉलेजच्या लॅबमधल्या माऊसची चाकं बहुधा आधीच्या बॅचनं झिजवलेली असतात, तेव्हा स्वतःचा घेऊन जाऊ दे.